मारुतीकडे तोंड केलेल्या छत्र्या

पवनीच्या छत्रीवाल्या काकांनी मला ठेवून घेतलं, म्हणून मी आज इथे आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात कौतुक फार थोडं सापडेल. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई उपकार विसरली. छत्री म्हणजे पावसातली नव्हे. भंडारा जिल्ह्यात घरावरच्या टीव्हीच्या डिशला छत्रीच म्हणतात, आणि ती बसवणारा, फिरवणारा, दुरुस्त करणारा तो छत्रीवाला.

काकांइतका तुसडा माणूस मी आमच्या बीडकडेही पाहिला नव्हता, आणि आमच्याकडे तुसड्यांची काही टंचाई नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्याचा अपमान करून मोकळे. डोक्यावर सदा पिवळं हेल्मेट. वरठीच्या पोलाद कारखान्यातल्या कुणा कामगाराकडून कधीतरी मिळवलेलं. मोटारसायकलवर ते, छपरावर ते, आणि दुकानात पंख्याखाली बसतानाही तेच. एकदा मी भीतभीत म्हटलं, काका, इथे तरी काढा. तर म्हणाले, पंखा मीच बसवला आहे, म्हणून तर घालून बसतो.

दुकानात एक टीव्ही सकाळपासून चालू असायचा, पण त्यावर मी कधी बाई पाहिली नाही, बाप्या पाहिला नाही, बातम्या नाहीत की गाणी नाहीत. फक्त दोन पट्ट्या. वरची सिग्नलच्या ताकदीची, खालची त्याच्या गुणवत्तेची. दुसऱ्यांच्या घरी लोक मालिका बघतात तसे काका त्या पट्ट्या बघायचे. खालची जरा हलली की पुढे सरकून बसायचे. वरची भरलेली आणि खालची रिकामी असली तर त्याचा अर्थ छत्री भलतीकडे बघतेय, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचे शब्द मात्र वेगळे होते. "नेत्याचं भाषण आहे हे. आवाज मोठा, आत काईच नाई."

मी त्यांची भाडेकरू. नवरा गोसीखुर्दच्या कालव्यावर पोकलेन चालवायचा, आणि दुकानामागची एक खोली आम्ही घेतली होती. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, किती शिकली? मी म्हटलं, सातवी. तीही सलग नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे, जिथे टोळी तिथे आम्ही. प्रत्येक शाळेत मी दुसऱ्या धड्यापर्यंत पोचायची, की गाडी पुढे. शेवटी शाळाच सुटली. हे सगळं ऐकून काकांनी हेल्मेट जरा वर केलं आणि म्हणाले, वा, मास्तरीणबाई. तेव्हापासून तेच नाव. पुढे पुढे गिऱ्हाइकांना वाटायला लागलं की ही बाई खरंच शाळेवर होती. मी ते कधी खोडून काढलं नाही आणि काकांनीही नाही.

त्यांचा सगळा राग एकाच गोष्टीवर होता. लोक वाचत नाहीत. टीव्ही बंद पडला की काय दुखतंय ते तो स्वतःच पडद्यावर सांगत असतो. सिग्नल मिळत नाही, किंवा कार्ड नीट बसलं नाही, किंवा हे चॅनल तुमच्या यादीत नाही. तिन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. पण फोन करणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, टीव्ही चालून नाई राहिली. काका विचारत, पडद्यावर काय लिहून आहे? तो म्हणे, इंग्रजीत काहीतरी आहे. मग वाच. वाचता नाई येत. "मंग टीव्ही कायले घेतली?" असं म्हणून फोन ठेवून द्यायचे. पावसात तर फोन उचलतच नसत. ढग दाटले की सिग्नल जाणारच, आणि पाऊस उघडला की आपोआप येणार. तोपर्यंत घरच्या माणसांची तोंडं बघा, एवढंच त्यांचं म्हणणं.

इतकं असूनही लोक त्यांच्याचकडे येत. कारण त्यांनी आवळलेली छत्री वादळातही हलायची नाही. गिऱ्हाइकाच्या घरी गेले की ते पहिली दहा मिनिटं कशालाच हात लावायचे नाहीत. मग खालून वर जायचे. आधी प्लग, मग डबा, म्हणजे टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स, मग वायर, मग वायरीच्या टोकाची पिन, कारण पावसाळ्यानंतर तिथलं तांबं हिरवं पडलेलं असतं. आणि छप्पर सगळ्यात शेवटी. दुसरे मिस्त्री आल्या आल्या शिडी मागतात. काका म्हणत, शिडी मागणारा मिस्त्री म्हणजे घरात शिरायच्या आधी कौलं मोजणारा पाहुणा.

त्यांच्या मते डबा आपणहून बिघडत नसे. "डब्याले जवाई लागते," असं ते ठासून सांगत. ज्या घरी जावं तिथे नागपूरला नोकरी करणारा एक जावई असतोच, आणि त्याला टीव्हीतलं सगळं कळत असतं. सणाला येतो, पाटावरून उठतो, रिमोट हातात घेतो आणि सेटिंगमध्ये आत आत शिरत जातो. शेवटी असं काही दाबतो की चॅनलांची यादीच पुसली जाते. सासरा बघत असतो, सासू बघत असते, पण जावयाच्या हातातून रिमोट काढून घ्यायची रीत नाही. इकडेच कशाला, आमच्याकडेही नाही. जावई परत गेला की मग काकांना फोन. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, कोणी हात लावला? कुणीच लावलेला नसतो. पुन्हा विचारतात, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी आतून सासूबाईंचा बारीक आवाज येतो, तसे जवाईबापू जरासे पाहत होते.

जावयांनंतरचा दुसरा शत्रू विणलेला रुमाल. डब्यावर क्रोशाचं पांघरूण दिसलं की काका त्या घरचा चहा घेत नसत. डबा तापतो, त्याला वारा लागतो, आणि ही माणसं त्याला नवरीसारखं झाकून ठेवतात, वर फुलदाणी. मी मान डोलवायची. पण असले रुमाल मी स्वतः विणले आहेत, हे कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र मला त्यांची आवडली होती. साकोलीकडच्या एका गुरुजींच्या घरचं चित्र दर उन्हाळ्यात फाटायचं आणि हिवाळ्याच्या शेवटाला आपोआप बरं व्हायचं. दोन मिस्त्र्यांनी दोनदा डबा बदलला. काका गेले, अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बाज टाकून त्यावर उताणे पडले, आणि बराच वेळ वर बघत राहिले. गुरुजींना वाटलं, हा माणूस झोपला. मग उठून म्हणाले, छत्री फाल्गुनात बसवली असेल. गुरुजी म्हणाले, हो, तुम्हाला कसं कळलं? तेव्हा मोह उघडा होता, काका म्हणाले, आता त्याने पानं घातली. मोह तोडायची गोष्ट इकडे कुणी काढत नाही. काकांनी छत्री चार हात बाजूला घेतली आणि जाताना गुरुजींना सांगून आले की पोरांना झाडांचं शिकवता, तर स्वतःही एकदा वर बघत जा.

माझं या कामात येणं माझ्या भित्रेपणामुळे झालं. काका फोन दुकानातच टाकून बाहेर जायचे, आणि वाजणारा फोन मला सहन होत नाही. दूर राहणाऱ्या माणसाला प्रत्येक घंटी वाईट बातमीची वाटते. एकदा तो वाजतच राहिला, मी उचलला. एक माणूस म्हणाला, टीव्ही चालून नाई राहिली. आता हे चुकीचं लिहिलं तर काका मला फाडून खातील, या धास्तीने मी त्याला पडद्यावरचं एकेक अक्षर बोलायला लावलं. त्याला अक्षराचं नाव येईना तेव्हा त्याचा आकार विचारला. माझ्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मी ती अक्षरं काढून ठेवली, चित्रं काढावीत तशी. काकांनी ते पान बराच वेळ बघितलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, म्हणाले. पण मग त्यांनी फक्त एक पिन खिशात टाकली, पेटीही घेतली नाही, आणि तासाभरात काम करून आले. दुसऱ्या दिवसापासून फोन आपोआप माझ्या बाजूला सरकलेला असायचा.

हळूहळू मी छपरावरही चढायला लागले. काकांचा गुडघा गेला होता, हे ते मान्य करत नसत. शिडी आपल्या लायकीची नाही, एवढंच म्हणत. छत्री फिरवायचा त्यांचा नियम साधा होता. एक बोट सरकवा, पाच मोजा. कारण डब्याला सिग्नल पकडायला वेळ लागतो, आणि घाईची माणसं त्याच्या अंगावरून पुढे निघून जातात. मी लहानपणापासून भीती वाटली की मनात आकडे मोजते. घरचे त्याला हसायचे. छपरावर तीच सवय उपयोगी पडली. काकांनी खालून एकदाच म्हटलं की भित्र्या माणसाचा हात धीराचा असतो. मग लगेच कुठलीतरी चूक काढली.

त्या वर्षी दिवाळीआधी कालव्याचं ते काम संपलं. नवऱ्याला ओडिशातल्या कामावर जावं लागलं, जिथे बायकापोरांची सोय नव्हती. सासूबाईंचा निरोप आला की एकटीनं परक्या गावात राहायचं नाही, मंडई झाली की थोरले दीर न्यायला येतील. नवरा म्हणाला, तोवर तुझ्या हाताला पक्कं काम लागलं तर बघू. माझी मुलगी पवनीच्या शाळेत पहिलीत होती. दुसरा धडा कधीच झाला होता, तिचा पाचवा चालू होता. ती शाळा तिच्या हातून सुटू नये, एवढंच माझं मागणं होतं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मी कामावर बायका ठेवत नाही. मग जरा थांबून, पुरुषही ठेवत नाही.

मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाची आपली मंडई, आणि त्या दिवशी घरोघरी पाहुणे. टीव्ही बंद असलेल्या घरी पाहुणा आला तर वर्षभर बोलणं खावं लागतं. असंच एका गावाच्या मंडईच्या तोंडावर, एकाच दिवसात मला एकाच गल्लीतून चौदा फोन आले. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावाची ती नवी वसाहत होती. लोक नुकतेच ट्रॅक्टरवर सामान लादून जुनं गाव सोडून आले होते, छत्र्या त्यांनी स्वतःच काढून आणून स्वतःच बसवल्या होत्या. मी सगळ्यांकडून पडद्यावरचं वाचून घेतलं. चौदाही घरी वरची पट्टी भरलेली, खालची शून्य. वही काकांपुढे ठेवली, तर म्हणाले, सगळ्यांचे जवाई एकाच गाडीने आले काय?

आम्ही गेलो. एकसारखी घरं, सरळ रांग, आणि रांगेच्या टोकाला नवं, अजून चुन्याचा वास येणारं मारुतीचं देऊळ. मी पहिल्या घराच्या छपरावर चढले आणि बघत राहिले. चौदाच्या चौदा छत्र्या अगदी शिस्तीत त्या देवळाकडे तोंड करून उभ्या होत्या, जणू आरती चालली आहे. काकांचं फुटक्या काचेचं होकायंत्र माझ्याकडे होतं. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे हवं, देऊळ होतं पार वायव्येला. मी वरून तसं सांगितलं.

काकांना तेवढंच हवं होतं. गल्ली जमली होती. त्यांनी हेल्मेट नीट केलं आणि सुरुवात केली. कोणत्या शहाण्याने हे केलं, उपग्रह काय मारुतीचा नातेवाईक आहे, की त्याच्या मागेमागे ट्रॅक्टरवर बसून आला, गाव बुडालं ते बुडालं, अकलाही तिथेच ठेवून आलात काय. हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. बाजेवर बसलेली एक म्हातारी उठली, काठी टेकत पुढे आली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तूच त सांगतलं होतं, बापा. जुन्या गावात छत्री बसवून देली तवा. हवेनं हालली त मारुतीकडं तोंड करून ठेवजा, म्हनून."

जुन्या गावात मारुती आग्नेयेला होता. आग्नेय कुणाला कळेना म्हणून काकांनी सोपी खूण सांगितली होती. लोकांनी ती इतकी धरून ठेवली की गाव हललं, देव ट्रॅक्टरवर बसून नव्या जागी आला, तरी छत्र्यांची तोंडं त्याच्याकडेच.

मी वरून काकांचं फक्त पिवळं हेल्मेट बघत होते. ते हललं नाही. मला वाटलं, आता माफी मागतील. कसली माफी. "अन् हा मारुती अठी बसवताना मले विचारलं होतं काय?" एवढं म्हणून ते म्हातारीच्याच बाजेवर जाऊन बसले. पण तिने आणून दिलेला चहा त्यांनी घेतला. घरात डब्यावर रुमाल होता, तरीही घेतला.

मग मी कामाला लागले. खाली गर्दी, आणि त्या गर्दीत मंडईसाठी आलेला त्या घरचा जावई. त्याने सूचना द्यायला सुरुवात केली, उजवीकडे घ्या, अजून घ्या, वर करा. त्याला अडवायला ना सासरा पुढे आला, ना काका. चौदा घरं होती. हा माणूस प्रत्येक घराखाली उभा राहिला असता तर मी सगळं बिघडवलं असतं, आणि दीर पाच दिवसांनी येणार होते. माझ्या तोंडून निघून गेलं, जवाईबापू, तुमचा आवाज चांगला आहे, तुम्ही आत बसून खालची पट्टी मोठ्यानं वाचता का? तो आत गेला. मी छत्री आधी आग्नेयेकडे वळवली, मग एक बोट सरकवलं, पाच मोजले. शून्य. एक बोट, पाच. शून्य. सहाव्या वेळी आतून आवाज आला, बारा. मग तीस. मग साठ. मग पोरांचा आरडाओरडा, त्यात पुढचा आकडा ऐकूच आला नाही.

सूर्य कलायच्या आत चौदाही झाल्या. जावईबापू घरोघरी जाऊन पट्ट्या वाचत होते. त्यांना एवढा मान लग्नातही मिळाला नसेल. शेवटच्या छपरावरून उतरताना एकाने विचारलं, बाई, पुढं हालली त तोंड कोणाकडं करायचं? समोर पाण्याची टाकी होती. मी बोट उचललंच होतं.

"खूण सांगू नको," काका बाजेवरून म्हणाले. "खुना हालतात." त्यांनी माझ्या हातातलं होकायंत्र घेऊन त्या माणसाला सुई दाखवली, दोनदा, न ओरडता. मग गल्लीला सांगितलं की यापुढे कंप्लेंट मास्तरीणबाईंना द्यायची, मला नाही. मी सांगितलेलं लोक जन्मभर धरून बसतात.

दीर ठरल्या दिवशी आले. मी पिशवी भरून ठेवली होती, मुलगी रडून रडून झोपली होती. काकांनी दिरांना दुकानात बसवलं, पाणी दिलं, आणि घरची चौकशी न करता विचारलं की तुमच्याकडे डबा कोणता आहे आणि चित्र कसं येतं. दीर बुचकळ्यात पडले. म्हणाले, सकाळी चांगलं येतं, दुपारी अडकतं, मिस्त्री दोनदा येऊन गेला. काकांनी माझ्याकडे बोट केलं. तिला सांगा. थोरल्या दिरांपुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पदर सावरला आणि विचारत गेले. पत्र्याखाली ठेवलाय का? व्हय. रात्री बरा चालतो? व्हय. डब्यावर काही ठेवलंय?

दीर म्हणाले, "रुमाल हाय. तुम्हीच इनलेला, लग्नातला."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना हसताना मी पाहिलं नाही, पण हेल्मेट हलत होतं. दिरांनी तिथूनच घरी फोन लावला, रुमाल काढायला सांगितलं, आणि आम्ही तिघं भर दुपारी पट्ट्या बघत बसून राहिलो. अर्ध्या तासाने सासूबाईंचा फोन आला की चित्र धरून आहे. तेव्हा काका दिरांना म्हणाले, "ही माह्या दुकानात कामाले आहे. न्यायची असंल त न्या, पण पहिले हिच्यासारखी दुसरी आनून द्या." दीर संध्याकाळच्या गाडीने एकटेच परतले. मुलगी आता सहावीत आहे, एकाच शाळेत.

काका गेल्या वर्षी रायपूरला मुलीकडे गेले. डोळ्यांनी साथ सोडली, पट्ट्या दिसेनाशा झाल्या. दुकान मी चालवते, त्यांच्यापेक्षा बऱ्या तोंडाने. परवा त्यांचा फोन आला. चित्र फाटून राहिलं, म्हणाले. मी विचारलं, पडद्यावर काय लिहून आहे? दिसत नाही. बरं, कोणी हात लावला? कोणीच नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो जन्मभराचा तुसडा आवाज इतका बारीक झाला की मला फोन कानाला दाबावा लागला.

"तसे जवाईबापू जरासे पाहत होते."

काका, तुमचे उपकार माझ्यावर आहेत, ते मी फेडणार आहे. मुलीला सुटी लागली की रायपूरला येईन. तुमचं पिवळं हेल्मेट इथेच खिळ्याला आहे, ते घालूनच वर चढेन. तुम्हाला खाली बाजेवर बसवीन, जावईबापूंना आत बसवून पट्टी मोठ्यानं वाचायला लावीन, आणि एक एक बोट सरकवत, पाच पाच मोजत, तुमचं चित्र तुम्हाला लावून देईन. आणि जाताना तुम्हाला बोलल्याशिवाय राहणार नाही, हेही आताच सांगून ठेवते.